कपाटातली हिरवी बाटली



मागच्या वेळी या सदरात इराणी चहावर लिहिलं, तेव्हा वडोदऱ्याच्या एका वाचकाने कळवलं, "चहा झाला, आता संध्याकाळच्या पेयावरही लिहा. आम्हाला प्यायला नाही, निदान वाचायला तरी मिळेल!" गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा त्यांची अडचण समजते. पण विषय नाजूक. आपला अंक घरातली सगळी मंडळी वाचतात, माझी आईसुद्धा वाचते. म्हणून आधी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही, पण खरं लिही. चांगलं ते चांगलं आणि वाईट ते वाईट." तेव्हा हा लेख आईच्या अटीवर.

आमच्या काचीगुड्याच्या घरात गोदरेजच्या कपाटात तीन गोष्टी कुलपात असायच्या. आईचे दागिने, घराची कागदपत्रं आणि एक हिरवी बाटली. बाटली मी आणलेली. बीई झाल्यावर दोन वर्षांनी, २०११ साली, कंपनीने मला पहिल्यांदा ऑनसाइटला पाठवलं, ते थेट एडिंबरोला. सहा महिन्यांनी परत येताना बाबांसाठी काय न्यावं, हा प्रश्न पडला. स्वेटर ते घालत नाहीत, घड्याळ त्यांच्याकडे आहे. शेवटी विमानतळावर जॉनी वॉकर ग्रीन लेबल घेतली. तेव्हा मला एवढंच कळत होतं की तिच्यावर १५ वर्षं असं लिहिलंय आणि ती लाल-काळ्या लेबलापेक्षा महाग आहे.

बाबा तसे शनिवारी एखादा पेग घ्यायचे. सोडा घालून, स्टीलच्या पेल्यात, मागच्या गॅलरीत. पेला स्टीलचा अशासाठी की आजीला आत काय आहे ते दिसू नये. आजीला अर्थातच सगळं माहीत होतं. पण ही बाटली त्यांनी उघडली नाही. "मी रिटायर झालो की उघडू." २०१४ साली ते रिटायर झाले. "ताईचं लग्न होऊ दे." २०१६ साली लग्न झालं. "नातवंडं झाल्यावर बघू." २०१८ साली माझी मुलगी झाली. मधल्या काळात, २०१२ च्या सुमारास, तैवान सोडून बाकी जगात ग्रीन लेबल बंद झाल्याची बातमी आली. बाबांनी ती वाचली आणि बाटली आणखी आत सरकवली. "आता तर मिळतच नाही म्हणे. जितकी जुनी होईल तितकी चांगली." २०१६ साली ती पुन्हा सगळीकडे विकायला आली, पण तोवर आमच्या बाटलीला देव्हाऱ्यातल्या शाळिग्रामाचा मान मिळाला होता.

२०२२ साली बाबांचे रिपोर्ट आले. लिव्हरचे आकडे वाढलेले, औषधं बदलली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे एक थेंबही नाही. बाबांनी त्याच दिवशी बंद केली. कुरकुर नाही, काही नाही. बाटली मात्र कपाटातच राहिली.

चार घरांचा गोडा मसाला

आता ही बाटली म्हणजे नेमकं काय, ते जरा सांगतो. दुकानात उभं राहिल्यावर शंभरातले नव्वद जण इथेच गोंधळतात, मीही गोंधळलो होतो.

बार्लीला मटकीसारखे मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात त्यातली साखर उतरवून घ्यायची, यीस्ट घालून आंबवायचं आणि मग तांब्याच्या भांड्यात दोनदा ऊर्ध्वपातन करायचं. ही झाली माल्ट व्हिस्की. एकाच डिस्टिलरीची असेल तर सिंगल माल्ट. गहू किंवा मक्यापासून उंच स्तंभासारख्या यंत्रात सलग काढतात ती ग्रेन व्हिस्की. ती हलकी आणि स्वस्त. माल्ट आणि ग्रेन एकत्र केल्या की ब्लेंडेड स्कॉच. जगात खपणारी बहुतेक स्कॉच या प्रकारची. आणि ग्रेन अजिबात न घालता, दोन किंवा जास्त डिस्टिलऱ्यांच्या फक्त माल्ट एकत्र केल्या, तर तिला म्हणायचं ब्लेंडेड माल्ट. आपली हिरवी बाटली ती ही.

पूर्वी याला 'व्हॅटेड माल्ट' किंवा 'प्युअर माल्ट' म्हणत. त्यातून भलताच घोळ झाला. २००३ साली स्कॉटलंडमधल्या कार्डू या सिंगल माल्टला मागणी इतकी वाढली की माल पुरेना. कंपनीने त्यात दुसऱ्या डिस्टिलऱ्यांची माल्ट मिसळली, नाव बदलून 'प्युअर माल्ट' केलं आणि बाटली जवळजवळ तशीच ठेवली. बाकीचे उत्पादक खवळले, कारण गिऱ्हाईक फसणार हे उघड होतं. कंपनीला माघार घ्यावी लागली. पुढे २००९ च्या नियमांत स्कॉचचे पाच प्रकार पक्के केले आणि 'प्युअर', 'व्हॅटेड' हे शब्द लेबलावरून हद्दपार झाले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटतं. व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं की बग ठरलेलाच.

ग्रीन लेबलमध्ये मुख्यतः चार डिस्टिलऱ्यांची नावं घेतली जातात. स्पे नदीच्या परिसरातल्या लिंकवूड आणि क्रॅगनमोर, स्काय बेटावरची टॅलिस्कर आणि आयला बेटावरची कोल इला. पहिल्या दोन सौम्य. लिंकवूड फुलाफळांच्या वासाची, क्रॅगनमोर जरा गुंतागुंतीची, मधाळ. टॅलिस्कर मिरीसारखी तिखट, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याची आठवण देणारी. कोल इला धुराची. तिथे बार्ली वाळवताना पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, जो कापून, वाळवून इंधन म्हणून वापरतात. त्या धुरातली फिनॉल वर्गातली संयुगं बार्लीला चिकटतात आणि शेवटपर्यंत व्हिस्कीची सोबत करतात.

आता ब्लेंडरचं काम काय? आईचा गोडा मसाला डोळ्यांसमोर आणा. धणे वेगळे भाजायचे, तीळ वेगळे, खोबरं वेगळं, लवंग-दालचिनी वेगळी, आणि दगडफूल अगदी बेताचं. दगडफूल एक चिमूट जास्त पडलं की आमटी बिघडली. ब्लेंडेड माल्टमधली कोल इला म्हणजे हे दगडफूल. जॉन वॉकरने १८२० साली किलमार्नकमध्ये दुकान थाटलं, ते किराणा मालाचं होतं. तो चहाचंही मिश्रण करून विकायचा. म्हणजे हा धंदा मूळचा वाण्याचा.

पंधरा म्हणजे किती?

बाबांच्या सत्तरीला, गेल्या डिसेंबरात, मी म्हटलं आता बाटली उघडू या. बाबा म्हणाले, "मी हिशेब केलाय. १५ अधिक १३, म्हणजे ती आता २८ वर्षांची झाली."

मला वाईट वाटलं, पण सांगावं लागलं. बाबा, ती पंधराचीच आहे. २०११ सालीही पंधराची होती आणि २०५० सालीही पंधराचीच राहील.

व्हिस्कीचं वय वाढतं ते फक्त लाकडी पिंपात. ओकच्या पिंपात, स्कॉटलंडच्याच भूमीवर, किमान ३ वर्षं ठेवल्याशिवाय तिला कायद्याने स्कॉच म्हणता येत नाही. पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही. बहुतेक पिंपं अमेरिकेतून येतात. तिथल्या बर्बनला दर वेळी नवं, आतून जाळलेलं पिंप लागतं, म्हणून वापरलेली पिंपं स्कॉटलंडला मिळतात. शेरी या स्पॅनिश मद्याची पिंपंही वापरतात. जाळलेला थर कच्च्या मद्यातला उग्रपणा शोषून घेतो. लाकडातून व्हॅनिलिन येतं, ज्याने व्हॅनिलाचा वास येतो. लॅक्टोन येतात, ज्यांचा वास खोबऱ्यासारखा असतो. युजेनॉल येतं, आणि युजेनॉल म्हणजे लवंगेच्या वासाचा मुख्य घटक. लाकडाच्या रंध्रांतून हळूहळू हवा आत जाते, मद्य बाहेर उडतं, आणि चव गोलाई धरते. काचेच्या बाटलीत यातलं काही घडत नाही.

उडून जाणाऱ्या भागाला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडच्या थंडीत हा वाटा वर्षाला साधारण २ टक्के. मी इंजिनिअर, त्यामुळे हिशेब करून पाहिला. २०० लिटरचं पिंप भरलं, तर १५ वर्षांनी १४८ लिटर उरतात. चौथा हिस्सा देवाला. आपल्याकडच्या उन्हात हा वाटा खूप मोठा. वर्षाला १० टक्के धरले तर १५ वर्षांनी २०० लिटरचे ४१ लिटरच उरतील. म्हणून बंगळुरूच्या किंवा गोव्याच्या सिंगल माल्टवर पंधरा-अठरा वर्षांचे आकडे सहसा दिसत नाहीत, आणि म्हणून त्या कमअस्सल ठरत नाहीत. आपल्या हवेत लाकडाचं काम लवकर होतं, इतकंच. बंगळुरूच्या अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ साली सगळ्यात आधी ग्लासगोमध्ये विकायला ठेवली, ते याच भरवशावर.

आणखी एक गोष्ट. बाटलीवरचा आकडा आतल्या सगळ्यात धाकट्या व्हिस्कीचा असतो. एकत्र कुटुंबात सगळ्यात लहान नातवाचं वय दारावरच्या पाटीवर लिहावं, तसं. आत १५ वर्षांच्या बरोबर १८ किंवा २० वर्षांचीही असू शकते, पण १४ वर्षांची चमचाभरही चालत नाही. मला हा नियम फार आवडतो. मोठेपणाचा आव आणायची सोयच ठेवलेली नाही.

हे सगळं ऐकून बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे बाटलीचं वय थांबलं. फक्त माझं वाढलं."

चौघं आणि एक पेला

पाहुणे गेले, मुलगी झोपली, आणि आम्ही चौघं टेबलाशी बसलो. आई, बाबा, बायको आणि मी. बाटली उभी ठेवलेली होती हे बाबांच्या हातून नकळत बरोबर झालं होतं. वाइनसारखी आडवी ठेवली तर व्हिस्कीचं तीव्र मद्य बूच खातं. तरीही तेरा वर्षांत बूच सुकलं होतं. फिरवताच अर्धं हातात आलं, अर्धं आत राहिलं. आईने काही न बोलता चहाची गाळणी आणून दिली. स्कॉटलंडची पंधरा वर्षांची माल्ट आमच्या घरी चहाच्या गाळणीतून अवतरली.

पेला निमुळत्या तोंडाचा हवा, म्हणजे वास आत जमून राहतो. माझ्याकडे ट्यूलिपच्या आकाराचा एक ग्लास आहे. त्यात ३० मिली ओतली. बर्फ नाही, सोडा नाही. ग्लास पहिल्यांदा बाबांच्या हातात दिला. प्यायची नाही, पण वास घ्यायला डॉक्टरांची हरकत नव्हती. ते मी आधीच विचारून ठेवलं होतं.

बाबांनी नाक खुपसलं आणि मागे घेतलं. "स्पिरिट आहे रे नुसतं!" सगळ्यांचं हेच होतं. ४३ टक्के मद्याचा पहिला झोत नाक बधिर करतो. ग्लास हनुवटीपाशी धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि हळूच श्वास घ्यायचा. शिवाय दहा मिनिटं थांबायचं. सत्तर वर्षांच्या माणसाला श्वास कसा घ्यायचा हे शिकवताना मलाच हसू येत होतं.

दहा मिनिटांनी बाबांनी पुन्हा ग्लास धरला. डोळे मिटले. म्हणाले, "बंब."

"काय?"

"आपल्या जुन्या घरातला पाणी तापवायचा बंब. पावसाळ्यात लाकडं ओली असायची. पेटायची नाहीत, नुसती धुमसायची. तो वास."

इंग्रजी पुस्तकांत आणि बाटलीच्या खोक्यांवर चवीची वर्णनं असतात. हीदरची फुलं, मार्मलेड, समुद्रकिनाऱ्यावरची शेकोटी. मी वर्षभर ती वाचून, माझ्या नाकाला हे का सापडत नाही म्हणून खट्टू व्हायचो. हीदरचं फूल मी जन्मात हुंगलेलं नाही, तर सापडणार कुठून? बाबांना एका शब्दात सापडलं, कारण ते त्यांच्या नाकाचं होतं. आणि ते अचूक होतं. धुमसणाऱ्या ओल्या लाकडाचा वास ज्या ग्वायकॉलने येतो, तेच पीटच्या धुरातही असतं.

बायको म्हणाली, "मला हिरवं सफरचंद वाटतंय. नाहीतर जरा कच्चं पेर." ही बहुधा लिंकवूडची बाजू.

मग मी चहाच्या चमच्याने थोडं पाणी घातलं. साधं, खोलीच्या तापमानाचं. स्कॉटलंडमध्ये ब्लेंडर तर पाणी घालून मद्य २० टक्क्यांच्या आसपास उतरवतात आणि मगच हुंगतात. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन शास्त्रज्ञांनी संगणकावर सिम्युलेशन करून दाखवलं की मद्याचं प्रमाण कमी झालं की ग्वायकॉलचे रेणू पृष्ठभागाशी जमतात, म्हणजे नाकाच्या जवळ येतात. पाणी घालणं म्हणजे व्हिस्की पातळ करून वाया घालवणं, असं समजायचं कारण नाही.

पाण्यानंतर वास खरंच बदलला. इतका की टेबलाच्या पलीकडे बसलेल्या आईने मान वर केली. आईने आयुष्यात कधी दारूचा पेला हातात धरलेला नाही. बाबांचा स्टीलचा पेलाही ती घासायची नाही, ते स्वतः घासायचे. तिने हात पुढे केला, आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

आईने अगदी मसाल्याचा वास घेतात तसा घेतला. हाताने वारा नाकाकडे ओढून. "लवंग आहे. खोबरं आहे, भाजलेलं. आणि..." थांबली. "बाळंतिणीच्या खोलीत धुरी देतात ना, ओवा आणि शेपा निखाऱ्यावर टाकून, ती गेल्यानंतर खोलीत जे मागे राहतं, ते आहे."

युजेनॉल, लॅक्टोन, फिनॉल. माझ्या तेरा वर्षांच्या वाचनाला आईने तीन वाक्यांत गाठलं.

मग ती म्हणाली, "हा तो वास नाही." आम्ही काही विचारलं नाही. तीच सांगत गेली. "आमच्या दादांच्या तोंडाला यायचा, तो वेगळा होता. तो जिन्यात आला की आम्ही भावंडं माडीवर पळायचो. आई एकटी खाली राहायची." दादा म्हणजे तिचे वडील. ते प्यायचे, हे मला पुसटसं माहीत होतं. पण माडीवर पळण्याचं मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. वयाच्या सदतिसाव्या वर्षी.

तिने ग्लास माझ्याकडे सरकवला. "वास चांगला आहे. पण वास चांगला म्हणून दारू चांगली होत नाही. एवढं लक्षात ठेव."

मी घोट घेतला. आधी गोड, मधासारखी. मग जिभेच्या कडेला काळ्या मिरीचा चटका, ती टॅलिस्कर. गिळल्यावर घशात धूर बराच वेळ रेंगाळला. ते ३० मिली संपायला मला पाऊण तास लागला.

मला ही रीत कुठे सापडली

आईची अट खरं लिहायची आहे, म्हणून हेही लिहितो. तिशीच्या आत असताना मी असा पीत नव्हतो. माधापूर-गच्चीबावलीकडच्या नोकऱ्यांमध्ये शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. रिलीज झालं म्हणून, रिलीज अडलं म्हणून. पेग मोजायचे ते दुसऱ्याला हरवायला. चव कोण बघतो, बर्फ, सोडा आणि मसाला शेंगदाण्यांत चव बुडवलेलीच असायची. एका शुक्रवारी मी बाइकवरून घरी आलो, आणि सकाळी मला तो रस्ताच आठवेना. सिग्नल, पूल, वळणं, काहीच नाही. बाइक मात्र जिन्याखाली नीट उभी होती. त्या दिवशी मी दिवसभर कुणाशी बोललो नाही. मुलगी तेव्हा चार महिन्यांची होती.

त्यानंतर काही महिने पूर्ण बंद ठेवली. २०१९ साली पुन्हा एडिंबरोला जाणं झालं, तेव्हा एका सुट्टीत स्काय बेटावर गेलो. कार्बोस्ट नावाच्या गावात, खाडीच्या काठावर टॅलिस्कर आहे. बाहेर मोठ्या लाकडी टाक्या दिसतात. त्यांत तांब्याची नागमोडी नळी थंड पाण्यात बुडवलेली असते आणि वाफेची व्हिस्की तिथेच होते. १८३० पासून तिथे व्हिस्की बनते आहे. आम्हाला सगळ्यांना मिळून जे चाखायला दिलं ते घोट-दोन घोट. आधी बघा, मग वास घ्या, मग थांबा, मग पुन्हा वास घ्या. गटातल्या गाडी चालवणाऱ्यांना त्यांचा वाटा छोट्या बाटलीत भरून घरी न्यायला दिला. तो छोटासा नियम मला त्या व्हिस्कीपेक्षा जास्त लक्षात राहिला.

तेव्हापासून माझे स्वतःचे काही नियम आहेत. महिन्यातून दोनदा, एका वेळी ३० मिली, फार तर दोनदा ३०. जेवण झालेलं असावं. गाडीची किल्ली घरात आईकडे. सोबत चखणा म्हणून मिरचीची भजी नाहीत, त्याने जीभ बंद होते. साधे भाजलेले काजू किंवा फुटाणे. रंगावर भुलायचं नाही, कारण रंगासाठी कॅरामल घालायला नियमांनी परवानगी आहे. सोडा घालून पिणाऱ्याला हसायचं नाही, बाबांनी तीस वर्षं तसंच घेतलं आणि त्यांना आनंद मिळाला. उघडलेली बाटली अर्ध्यावर आली की वर्षभरात संपवायची किंवा वाटून टाकायची, कारण आत हवा वाढली की वास मरतो.

आणि जो पीत नाही त्याने यातलं काही वाचून सुरू करू नये. चाखायला शिकलं की पिणं आटोक्यात राहतं, असं सगळ्यांच्या बाबतीत होत नाही. दादांना कुणी कितीही चांगला ग्लास दिला असता तरी आई माडीवर पळालीच असती. ज्याला एकावर थांबता येत नाही, त्याच्यासाठी बरोबर आकडा शून्य आहे, आणि ते सांगायला डॉक्टर आहेत. कायद्याचं म्हणाल तर आपल्या तेलंगणात २१ वर्षं, महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी २५. पण कायद्याच्या आधी घर येतं. आमच्या घरात या विषयावर तीन पिढ्या स्टीलचा पेला झाकून बसल्या होत्या. त्या रात्री तो उघडा झाला, ही त्या बाटलीची खरी किंमत.

बाबांनी तो ग्लास त्या रात्री बराच वेळ हातात धरला होता. देताना म्हणाले, "तेरा वर्षं उगाच राखली रे." मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. तुमच्याही कपाटात अशी एखादी बाटली असेल, किंवा अत्तराची कुपी, किंवा चांगली साडी, तर प्रसंगाची वाट बघू नका, एवढंच सांगतो.

आता महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी ३० मिली ओततो. पहिला मान बाबांचा. ते वास घेतात, जुन्या डायरीत तारखेपुढे दोन शब्द लिहितात आणि ग्लास मला देतात. गेल्या शनिवारची नोंद अशी आहे: 'बंब आज कमी. संत्र्याची साल. आई म्हणते जायफळ.'

तुमच्या नाकाला कुठले वास आठवतात, ते मला जरूर कळवा. व्हिस्कीचेच हवेत असं नाही. पुढच्या महिन्यात भेटू.